वेचायचं राहिलं

दामलेबाई अमेरिकेत राहिल्या तेवढ्या काळात त्यांनी स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली. ती महाग नव्हती, अवघडही नव्हती, आणि ज्याच्याकडे मागितली त्यानं अगदी मनापासून हो म्हटलं होतं. तरी ती त्यांना मिळाली नाही. हे सगळं घडलं तेव्हा मी गाडीच्या चाव्या हातात घेऊन जवळच उभा होतो. बहुतेक महत्त्वाच्या प्रसंगी मी गाडीच्या चाव्या हातात घेऊन जवळच उभा असतो. आमच्या माधवीच्या मते तेवढं एकच काम मला बिनचूक जमतं.

पण ते पुढचं. बाईंची आणि आमची ओळख झाली ती मोहरीमुळे.

आम्ही श्रूजबरीला राहायला आलो ते माझी न्यू जर्सीतली नोकरी गेली आणि इकडे दुसरी मिळाली म्हणून. (पुढे हीसुद्धा गेली. त्या दोन-तीन वर्षांत लोक हातमोजे हरवतात तशा मी नोकऱ्या हरवत होतो.) सामान बांधताना स्वयंपाकघर माझ्या वाट्याला आलं होतं. आता मी पडलो इंजिनिअर. अर्धे रिकामे डबे ट्रकमधून न्यायचे म्हणजे हवा वाहून न्यायची, हे मला बघवेना. म्हणून मी मोहरी, रवा, साखर असं सगळं डब्यांतून काढून पातळ पिशव्यांत बांधलं, एका खोक्यात रचलं आणि वर उरलेल्या जागेत खिळ्यांची पुडी ठेवली. जागेचा इतका सुरेख उपयोग माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता.

खोकं उघडलं तेव्हा आत एकच पदार्थ होता. त्याला नाव नव्हतं.

माधवी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "ट्रॅशमध्ये टाक. आणि टाकून झालं की तूही जरा तिथेच थांब."

मी खोकं उचललं आणि दाराशी आलो, तर जिन्यात एक बाई उभ्या. साठी ओलांडलेल्या, इस्त्रीची सुती साडी, साडीखाली कुणा पुरुषाचे जाडजूड पांढरे मोजे आणि त्यांवर चपला. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं. मी कोण, कुठला, ही चौकशी न करता त्या म्हणाल्या, "टाकू नकोस. यात काय काय आहे?"

"मोहरी, रवा, साखर आणि खिळे."

"ही नुसती नावं झाली. एकमेकांपासून वेगळे कशात आहेत ते सांग."

मला अमेरिकन विद्यापीठाची मास्टर्स पदवी आहे. मी म्हणालो, "रंगात?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी सातवीनंतर पाहिली नव्हती. त्या सरळ आत आल्या. आमच्या फ्रिजवर आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेलं लॉबस्टरच्या आकाराचं एक लोहचुंबक होतं. ते त्यांनी काढलं, एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि खोक्यातून सावकाश फिरवलं. पिशवीला खिळे लटकले. मग पिशवी उलटी केली, चुंबक बाहेर काढलं, आणि खिळे आपोआप वाटीत पडले. "पिशवी घालायची," त्या माधवीला म्हणाल्या, "नाहीतर त्याला चिकटलेलं सोडवण्यात जन्म जातो." नंतर चाळणी. रवा आणि साखर खाली, मोहरी वर. मोहरीत काही फोलपटं, काही खोक्याचा भुगा. ताट तिरकं धरून त्यांनी बोटांनी हलकेच टकटक केली, तशी मोहरी घरंगळत खाली आली आणि कचरा जागच्या जागी राहिला.

उरला रवा आणि साखर. आता आपली अब्रू सावरायची संधी मला दिसली. मी म्हणालो, "पाण्यात घालायचं! साखर विरघळेल, रवा तळाला बसेल. गाळायचं, पाणी आटवायचं, साखर परत!"

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि माधवीकडे वळल्या. "घरात तूप आहे का गं?"

"आहे की."

"मग शिरा कर. सगळंच वेगळं करायचं नसतं."

दामलेबाई म्हणजे सांगलीच्या मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. निवृत्त झाल्यावर नवऱ्यासह मुलाकडे, अमोलकडे, राहायला आल्या होत्या, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. शाळेतले सगळे धडे त्यांना प्रिय होते, पण मिश्रणं वेगळी करण्याच्या धड्यावर त्यांचा खास जीव. निवडणं, वेचणं, चाळणं, पाखडणं, घोळणं, निवळणं, ही कामं त्या स्वयंपाकघरात करत तेव्हासुद्धा वर्गात उभ्या असल्यासारख्या करत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मिश्रण म्हणजे शेजार आणि संयुग म्हणजे लग्न. शेजाऱ्यांना वेगळं करायला हात पुरतात. लग्नाला भट्टी लागते."

यावर नाना, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, "आमच्या बाबतीत भट्टीचाही उपयोग झाला नाही."

नाना दिवसातून साधारण एवढंच बोलत. पाटबंधारे खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांना गर्दीचं वावडं होतं. तीन माणसं जमली की त्यांना चौथ्या खोलीत काम निघे. सांगलीला ते देवळात दुपारी जात, देव झोपलेला असताना. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आले, पण आरती त्यांनी पार्किंग लॉटमधून, गाडीची काच थोडी खाली करून ऐकली. प्रसाद मी नेऊन दिला. म्हणाले, "छान झाला कार्यक्रम. कुणी भेटलं नाही."

हिवाळ्यात शहराचे ट्रक रस्त्यावर वाळू आणि मीठ पसरून जातात. आम्ही सगळे त्या रेंद्याला शिव्या देत बूट झटकत असू. बाईंना मात्र रस्त्यावर कुणीतरी आपला धडाच सांडून गेलंय असं वाटलं. बर्फ वितळल्यावर त्यांनी कडेची वाळू डब्यात भरून आणली, पाण्यात ढवळली, निवळली, गाळली, पाणी आटवलं आणि बशीत मळकट पांढरे खडे घेऊन नानांपुढे ठेवले.

"बघा. अमेरिकेचं मीठ."

"खायचं नाही ना?"

"नाही हो."

"मग बरं. मीठ खाल्लं की जागावं लागतं. मला परत जायचंय."

त्या जायच्या गोष्टी दोघंही अशा अधूनमधून काढत. अमोल ऐकून न ऐकल्यासारखं करी. अमोल गुणी मुलगा. आईवडिलांना उन्हात ठेवलं नाही की थंडीत ठेवलं नाही. तो त्यांची इतकी काळजी घेई की कधी कधी वाटे, त्यानं त्यांना कापसात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलंय. त्याचंही एक ठरलेलं वाक्य होतं, "आई, इथे असं चालत नाही."

त्या वाक्याला सगळ्यात मोठं निमित्त मिळालं ते कापराचं. शनिवारी दुपारी बाई कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये आमच्या मुलांना विज्ञान शिकवत. मुलं इंग्रजीत उत्तरं देत, बाई मराठीत प्रश्न विचारत, आणि मधल्या मधे काहीतरी घडत असे. एकदा त्यांनी मीठ आणि कापूर एकत्र करून वाटीत घातला, वाटी हॉट प्लेटवर ठेवली आणि वर काचेचं नरसाळं पालथं घातलं. कापूर वितळत बसत नाही, सरळ वाफ होतो आणि वर नरसाळ्याच्या थंड काचेवर जाऊन पुन्हा कापूर होतो. मीठ खाली राहतं. मुलं श्वास रोखून बघत होती. एकीला शिंक आली, टेबल हललं, नरसाळं सरकलं आणि कापरानं पेट घेतला. घरात आरतीला पेटतो तेवढाच. पण आरतीच्या डोक्यावर स्मोक अलार्म नसतो.

सगळं कॉम्प्लेक्स बर्फात येऊन उभं राहिलं. दोन बंब आले. बाई साडीवर अमोलचं जॅकेट घालून, नरसाळं छातीशी धरून पुढेच उभ्या. नाना पार पलीकडच्या टोकाला, कचऱ्याच्या पेटीजवळ, एकटे. एक धिप्पाड फायरमन आला आणि त्यानं नम्रपणे विचारलं, "मॅम, काय शिजवत होतात?"

बाईंचा अपमान झाला. "नॉट कुकिंग," त्या म्हणाल्या. "सब्लाइमिंग." आणि त्यांनी त्याला नरसाळं दाखवलं. आतून पांढरे, बर्फासारखे कण लागले होते. त्यानं हेल्मेट मागे सारून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "हं. नीट." इंग्रजीतलं नीट, म्हणजे झकास.

"बघ, त्याला कळलं," बाई मला म्हणाल्या.

बाहेर गेलेला अमोल तेवढ्यात धावत आला. "आई, इथे असं चालत नाही. लोक केस करतात. आपलं लीज कॅन्सल करतील. तुला हवं ते मला सांगत जा, मी करतो ना सगळं!"

"बरं," बाई म्हणाल्या. बाईंच्या 'बरं'नं वाद मिटत असे. त्यांचं म्हणणं मात्र मिटत नसे.

पुढे नानांच्या पोटात दुखू लागलं, आणि तपासण्यांत निघू नये तेच निघालं. माझी नोकरी तोवर पुन्हा गेली होती, त्यामुळे बाईंना वूस्टरच्या हॉस्पिटलला न्यायचं आणि आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. अमोल सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी येत असे. मधला दिवस बाईंचा आणि माझा.

अशाच एका दुपारी येताना त्या म्हणाल्या, "विनय, इथे अस्थी वेचू देतात का रे?"

मी ब्रेक दाबला. सिग्नल हिरवा होता. मागच्या माणसानं हॉर्न दिला, जो या गावात सहसा कुणी देत नाही.

"बाई, नाना बरे होतील."

"ते मी डॉक्टरांना विचारलंय. तुला वेगळं विचारतेय. गाडी चालव."

मी गाडी चालवली. त्या खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. त्यांची आई गेली तेव्हा त्या नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी भाऊ स्मशानात गेले. यांनी मीही येते म्हटलं, तर थोरला भाऊ म्हणाला, बायका येत नसतात. भाऊ परत आले ते मडक्याला फडकं बांधून घेऊन. ते मडकं घरात आणायचं नाही म्हणून बाहेर झाडाला टांगलं. "मला फक्त फडकं दिसलं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी मुलींना शिकवलं, तांदळातले खडे कसे वेचायचे. हातानं, डोळ्यांनी, एकेक. ही सगळ्यात जुनी पद्धत. आणि माझ्याच आईला वेचताना मला दाराशी उभं केलं."

अशा वेळी काय बोलायचं ते मला त्या वेळी सुचत नाही. नंतर आंघोळ करताना सुचतं.

"नाना म्हणालेत, माझ्या तू वेच. अमोलच्यानं व्हायचं नाही म्हणाले. आणि मला ते करायचंय, विनय. राखेतून त्यांना माझ्या हातानं वेगळं काढायचंय. एवढं झालं की मग मला काही नको."

"अमोलला बोललात?"

"नानांचा विषय काढला की तो नव्या औषधांच्या वेबसाइट दाखवतो. वेळ आली की सांगेन. आधी इथे काय करतात ते तर बघू."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका फ्युनरल होममध्ये घेऊन गेलो. मिस्टर डोनोव्हन नावाचा पिकल्या केसांचा माणूस होता. असल्या धंद्यात माणसं जशी हळू बोलतात तसाच बोलायचा. बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसारखे प्रश्न विचारले. दहन झाल्यावर पुढे काय काय करता? क्रमानं सांगा.

डोनोव्हन माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. तो सांगू लागला. सगळं थंड होऊ देतात. मग लोहचुंबक फिरवतात, पेटीचे खिळे वगैरे निघतात.

"आधी चुंबक," बाई म्हणाल्या. "बरोबर. मग?"

मग जे धातू चुंबकाला लागत नाहीत ते हातानं काढतात. मग हाडं यंत्रात घालतात आणि त्यांची बारीक पूड करतात. ती पिशवीत भरून घरच्यांना देतात.

बाई पुढे झुकल्या. "पूड का?"

"घरच्यांना बघवत नाही, मॅम. त्यांना सोसावं म्हणून."

"मी घरचीच आहे," बाई त्यांच्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "मला बघायचंय. शेवटची पायरी करू नका."

डोनोव्हननं चष्मा काढून पुसला. असं कुणी मागितलं नव्हतं, पण करता येईल, म्हणाला. आपण तिकडच्या, दहनगृहातल्या माणसांना तसं सांगून ठेवू.

"आणि ते यंत्र," बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, "एकाचं झालं की दुसऱ्याआधी साफ करता?"

"झाडून काढतो, मॅम. पण खरं सांगायचं तर कणभर मागे राहतंच."

"ते दोघांचं एकमेकांत मिसळलं तर वेगळं करता येत नाही," बाई मराठीत माझ्याकडे वळून म्हणाल्या. "फरकच नाही ना काही. बरं झालं विचारलं." निघताना डोनोव्हननं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. गाडीत बाई कितीतरी दिवसांनी टेकून बसल्या.

नाना मार्चमध्ये गेले, रस्त्याच्या कडेला काळं बर्फ साचलेलं असताना. मग जे होतं ते झालं. घर माणसांनी भरलं. कुणी वरणभात आणला, कुणी गीतेची सीडी लावली. ज्या माणसाला गर्दी सोसत नव्हती त्याच्या घरात चपला ठेवायला जागा उरली नाही. अमोल फोन कानाला लावून गॅलरीत उभा. त्यानं रडायचं पुढे ढकललं होतं आणि कामाला लागला होता. बाईंनी गर्दीतून वाट काढून त्याला गाठलं. मी ऐकलं, त्या म्हणाल्या, "अमोल, त्या डोनोव्हनशी मी बोललेय, वेचण्याचं—"

"हो आई, तो म्हणाला मला, तू येऊन गेलीस ते. आता मी आहे ना. मी बघतो सगळं. तू काही बघू नकोस." आणि त्यानं त्यांना जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात कुणीतरी बाईंच्या गळ्यात पडून रडायला लागलं. बोलणं तिथेच राहिलं. बाईंनाही वाटलं असणार, डोनोव्हननं त्याला सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं.

दहन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमोल पार्किंग लॉटमध्ये भेटला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "यार, बरं झालं मी फोन केला. तिकडच्या माणसानं विचारलं, तुमच्याकडून भलतंच काही सांगून ठेवलंय, पूड करायची नाही म्हणून, ते नक्की का? म्हणजे आईच्या हातात डायरेक्ट हाडं? कुणाची चूक झाली कोण जाणे. मी म्हटलं, नो, नो, प्लीज, नेहमीसारखं करा. आईनं ते बघितलं असतं तर तिला झोप आली असती का आयुष्यात?"

मी चाव्या खिशात टाकल्या आणि फोन काढला. डोनोव्हननं उचलला. सकाळीच झालं, म्हणाला. मुलानंच सांगितलं म्हणून त्यांनी केलं. तो 'सॉरी' म्हणाला, पुन्हा म्हणाला, पण यंत्राला काही उलटं फिरवता येत नाही.

अमोलनं माझं बोलणं ऐकलं. तो गाडीला टेकून उभा राहिला. "तिनं सांगितलं होतं?" त्यानं विचारलं. "तिनं?"

बाईंना कसं सांगायचं ते आम्हाला कुणालाच ठरवता आलं नाही. राखेचा डबा घेऊन आम्ही वर गेलो तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात जमिनीवर सगळं मांडलं होतं. पाट, दूध घातलेलं पाणी, मोठं स्टीलचं ताट, तांब्याचा लहान गडू, धुतलेलं पांढरं फडकं. स्वतः न्हाऊन, ओले केस बांधून बसल्या होत्या. "पायाकडून सुरुवात करायची असते म्हणे," त्या मला म्हणाल्या. "मी गुरुजींना फोन करून विचारलं."

अमोलनं डबा पुढे ठेवला. आतली पिशवी बाईंनी स्वतः सोडली. राखाडी, एकसारखी पूड. बाईंनी हात आत घातला. चिमूट घेतली आणि अंगठ्यानं बोटांवर चोळून बघितली, गिरणीतून आणलेलं पीठ बघतात तशी. पुन्हा हात घातला, जरा खोल. काहीतरी लागेल असं वाटून त्या बोटं फिरवत होत्या.

"आई," अमोल म्हणाला, "मी सांगितलं त्यांना. मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, तुला त्रास होईल."

बाईंनी हात बाहेर काढून डब्यावर झटकला, आणि बोटांना लागलेलंसुद्धा वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं पुसून पिशवीत टाकलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" त्यांनी अमोलला विचारलं.

तो नाही म्हणाला. त्या उठल्या आणि पोहे भिजवू लागल्या. अमोल मांडलेल्या ताटासमोर तसाच बसून राहिला. सगळं पोरकं दिसत होतं: कुणी हात न लावलेलं दूधपाणी, कोरडं ताट, कोरडा गडू. पोहे परतताना बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांच्यात आता थोडी दुसरी माणसंही असणार. जन्मभर गर्दीत गेले नाहीत, आणि शेवटी हे." त्या हसल्या. मीही हसलो. असं हसणं देवानं कुणावर आणू नये.

डबा घेऊन त्या एकट्याच भारतात गेल्या. अमोलचं ग्रीन कार्ड अडकलेलं. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत यायची खात्री नाही, असं वकिलानं बजावलं होतं. त्यानं आईला पुन्हा पुन्हा सांगितलं, थोडं थांब, आपण बरोबर जाऊ. "वर्ष लागेल, दोन लागतील," बाई म्हणाल्या. "त्यांना कपाटात ठेवू का?" त्या गेल्या आणि सांगलीतच राहिल्या. परत आल्या नाहीत. अमोल दर रविवारी फोन करी. बाई हवापाणी सांगत.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मी सुटीत गेलो तेव्हा वाट वाकडी करून सांगलीला उतरलो. बाई वाळल्या होत्या, पण मोहरी कुठल्या दुकानात स्वच्छ मिळते ते मला अर्धा तास सांगण्याइतक्या खणखणीत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, चल, नदीवर जाऊन येऊ. कृष्णेच्या घाटावर आम्ही खालच्या पायरीवर बसलो. मी विचारू नये ते विचारलं. "वाडीच्या संगमावर जाऊन विसर्जन केलंत ना? नीट झालं?"

"झालं," त्या म्हणाल्या. "अस्थी पाण्यात सोडल्या की बुडतात रे. हाड जड असतं. गुरुजी 'सोडा' म्हणाले, मी सोडलं. थोडं बुडालं. बाकीचं वर पसरलं. दुधावर साय धरते ना, तसं. आणि ते जायला लागलं, सावकाश, काठाकाठानं. गुरुजी म्हणाले, नमस्कार करा, मागे वळून बघू नका, चला. सगळे गेले. मला काही जाववेना. मी त्याच्या बरोबरीनं चालत राहिले. हात घालून एखादी मूठ परत काढता येते का ते बघितलं. हाताला नुसतं पाणी येत होतं."

"कुठवर गेलात?"

"वळणापर्यंत. पुढे काठाला वाट नव्हती."

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यातून बाहेर काढत होतं. बाई तिकडे बघत म्हणाल्या, "अमोलला मी बुडाल्या असंच सांगितलंय. लगेच बुडाल्या म्हटलं. त्याला उगीच लागून राहील."

हे मी कितीतरी वर्षं पोटात ठेवलं. बाई गेल्या, तेव्हा अमोलला जाता आलं. तिथे त्यानं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा मात्र त्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईची एक गोष्ट आहे, तुला माहीत नसलेली. लिहू का ते तू सांग. आणि घाटावरचं बोलणं सांगितलं.

"मला माहीत होतं," अमोल म्हणाला. "ती 'लगेच बुडाल्या' म्हणाली तेव्हाच. पूड लगेच बुडत नाही, विनय. मी सायन्स तिच्याकडेच शिकलोय." मग म्हणाला, "मी तिला 'बरं झालं' म्हटलं होतं. लिही तू."

घाटावरच्या त्या संध्याकाळी माझी पुण्याची बस होती. मी उठलो, वाकून नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "मी थोडी बसते. तू जा, तुझी बस चुकेल. पायऱ्या निसरड्या आहेत, बघून चढ." मी बघून चढलो. अगदी वर गेल्यावर मागे पाहिलं. बाई बसल्या नव्हत्या. चपला हातात घेऊन, साडीचा घोळ जरासा वर धरून, पाण्याच्या कडेकडेनं वाहत्या अंगाला चालल्या होत्या. नजर पाण्यावर, आणि चाल पाण्याच्या वेगाची. पाण्यावर काही नव्हतं.